फ्रिजला हात लावायचा नाही

त्या मंगळवारी सकाळीही आर्लिनने सातव्या मजल्यावरच्या आपल्या चौदा केबिनींमधले चौदा फ्रिज नेहमीसारखे उघडून पाहिले. आरशाखालच्या कपाटात बसवलेले, गुडघ्याएवढ्या उंचीचे फ्रिज. दाराच्या आतल्या अंगाला एक गोल टिकली चिकटवलेली असे. हिरवी टिकली म्हणजे फ्रिज भरलेला ठेवायचा: वर पाणी आणि सोडा, दारात बिअर, खाली चॉकलेटं नि काजूचे डबे, सगळ्यांची लेबलं समोर. पांढरी टिकली म्हणजे पाहुण्यांनी सांगून रिकामा करून घेतलेला. कुणाला बाळाचं दूध ठेवायचं असतं, कुणाला औषध. त्या फेरीत बारा हिरव्या होत्या आणि दोन पांढऱ्या. दोन पांढऱ्यांतली एक ७११४ची, आणि ७११४मध्ये तिची आई उतरली होती.

जहाज दर रविवारी सिंगापूरहून निघायचं आणि पिनांग, फुकेत करून पुढच्या रविवारी परत यायचं. कामावरच्या माणसांना वर्षातून एकदा घरचं कुणीतरी आणायची मुभा होती. आर्लिनने आईला आणलं होतं. गावी, मियागाओच्या बाजारात एकतीस वर्षं मासळी विकून कोन्सेसाने पोरीला शिकवलं, शाळेत शिक्षिका केलं. शिक्षिकेने सहा वर्षं मुलांना कविता शिकवल्या आणि मग शाळेच्या चौपट पगारावर ती जहाजावर पलंगाच्या चादरी बदलायला आली. कोन्सेसाने यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. शेजारणींना ती सांगायची, "पोरगी जहाजावर असते." काय करते, ते सांगायची नाही.

"आलीस? ये, आधी दोन घास खा," कोन्सेसा म्हणाली. पलंगावर टॉवेल पसरून तिने दोन बशा मांडल्या होत्या. वरच्या जेवणघरातून कपात भरून आणलेला भात, आणि त्यावर घरून आणलेलं गिनामोस, खारवलेल्या कोळंबीचा लालसर गोळा.

"नानाय, मी कामावर आहे."

"काम काय पळून जातंय? हाडं वर आलीयत तुझी. इथल्या लोकांना भात तरी धड येतो का? नुसता कापूस."

आर्लिनने उभ्याउभ्याच घास घेतला. नऊ महिन्यांनी ती चव जिभेला लागली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

पाक हेंद्रा आत आले. मजल्याचे मुकादम. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना जास्तच घाबरत. त्यांनी कोन्सेसाला वाकून नमस्कार केला, मग फ्रिज उघडला. आत आइस्क्रीमचे चार जांभळे डबे होते. आर्लिनच्या गावात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं. एकात गिनामोस, दोनांत सुकी मासळी.

"शेजारच्या बाईंचं म्हणणं आहे, भिंतीत काहीतरी मेलंय," पाक हेंद्रा म्हणाले. "अकरा वाजता वरचे साहेब पाहणीला येतायत. तुझ्या बढतीसाठीच येतायत. तोवर हा फ्रिज इतरांसारखा दिसू दे."

ते गेले. पण दार उघडंच राहिलं होतं, आणि बाहेर मानोंग दादोने आपली ढकलगाडी थांबवली होती. गावाकडचाच माणूस, वयाने मोठा, तोंडाला कुलूप नाही.

"काय गं आर्लिन, आज बाजार इथेच भरलाय का? अर्धा किलो बांध की मलाही!"

गॅलरीभर हशा पिकला. कोन्सेसासुद्धा हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

आर्लिनने दार लावलं. काळ्या पिशवीत तिने एकेक डबा टाकला.

"अगं, ते तुझ्यासाठी... चार दिवस उन्हात बसून वाळवलंय मी."

"इथे तू पाहुणी आहेस, नानाय. मासळीवाली नाहीस. आठ दिवस तरी अंगाचा वास गावात ठेवून यायचं होतंस."

कोन्सेसाने पुढे केलेले हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

चौथ्या डब्यात इन्सुलिनच्या कुप्या होत्या, दोन, आणि सुया. तो डबा आर्लिनने पिशवीत टाकला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर काचेला टेकवून ठेवला आणि त्यावर पडदा ओढला. तासाभराचा तर प्रश्न. मग फ्रिज पुसून काढला, पाणी, सोडा, बिअर, चॉकलेटं भरली, पांढरी टिकली खरवडून हिरवी चिकटवली.

"आता या फ्रिजला हात लावायचा नाही. नुसता उघडलास तरी वर कळतं. बोलणी मला बसतात."

यातलं वर काहीच कळत नसे.

"नाही लावत, इन्दाय," कोन्सेसा म्हणाली. तिकडे लाडक्या मुलीला इन्दाय म्हणतात.

जाताना आर्लिनने मागे पाहिलं. आई पलंगावरची अर्धवट उष्टी बशी अलगद फिरवत होती. जेवण अर्धं टाकून कुणी उठलं की मागच्याने त्याचं ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. अकराला साहेब आले, फ्रिज उघडून खूश झाले आणि गेले.

७११४ जहाजाच्या डाव्या अंगाला होती. उत्तरेला जाताना त्या खिडकीत दुपारचं ऊन येई, परतताना सकाळचं. बुधवारी कोन्सेसाने जेवण टाकलं. गुरुवारी तिला उलट्या सुरू झाल्या. समुद्र खवळलेला होता, अर्धं जहाज ओकत होतं. जहाजावर उलट्यांना एकच औषध, हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं. आर्लिनने आईलाही तेच दिलं. "सगळ्यांना हेच देतो आम्ही, खा." कोन्सेसाने मान हलवली. टोचून घेणं तिने एक दिवसही चुकवलं नाही. रोज पडद्याआड हात घालायची, कुपी काढायची, पुन्हा तिथेच ठेवायची. फ्रिजला हात लावायचा नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती उठली नाही.

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते. "हे उन्हात का होतं?"

"मी काढून ठेवलं होतं. परत ठेवायला विसरले."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मियागाओला भावाने ठेवला. चर्चमधल्या फादरांनी ठेवला. "चुकून झालं, पोरी," सगळे म्हणाले. तिघांचेही शब्द तेच होते. आर्लिनने खाली बघून मान हलवली. नऊ दिवसांची प्रार्थना झाली, चाळिसावा दिवस झाला, आणि ती कामावर परतली.

तिला तोच मजला मिळाला आणि त्याच चौदा केबिनी.

पहिल्या फेरीत ७११४मध्ये इपोहचे फोंग नवरा-बायको होते. शांत, निवृत्त माणसं. हिरवी टिकली. सोमवारी सकाळी ते नाश्त्याला गेल्यावर आर्लिनने फ्रिज उघडला तर तो रिकामा होता. एवढं कुणी एका रात्रीत पीत नाही. तिने खिडकीचा पडदा सारला. कट्ट्यावर, काचेला टेकवून, सगळं ओळीने मांडलेलं होतं. पाणी, सोडा, बिअर, काजूचे डबे. एकूणएक बाटली फिरवून ठेवलेली, लेबल समुद्राकडे, पाठ खोलीकडे. तिने एक उचलली. चहाच्या कपाइतकी गरम होती.

माणसं लहरी असतात. कुणाला बर्फाचा आवाज सहन होत नाही, कुणाला मोटरीचा. तिने सगळं परत भरलं.

मंगळवारी पुन्हा तेच. तिने फोंगबाईंना विचारलं, शक्य तितक्या हळू आवाजात.

"आम्ही? आम्ही तर फ्रिज उघडलासुद्धा नाही," फोंगबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तुमच्या त्या बाई सांगून गेल्या ना, हात लावू नका म्हणून."

"कुठल्या बाई?"

"वयस्क होत्या. सफाईच्याच असतील. फार मऊ बोलणं. म्हणाल्या, हात लावलात तर माझ्या मुलीला बोलणी बसतात." फोंगबाई हसल्या. "आम्ही म्हटलं, नाही हो लावत. आम्हालाही मुलगी आहे."

सातव्या मजल्यावर वयस्क बाई कामाला नव्हती.

आर्लिन विचार करणारी बाई होती. कारण शोधायचं असतं, ते सापडतं, हे ती मुलांना शिकवत आली होती. तिने दुरुस्तीवाल्यांना बोलावून फ्रिज बदलून घेतला. नवा, कागदात गुंडाळलेला फ्रिज आणून बसवला. बुधवारी त्याचं दार उघडलं तेव्हा आत बाटली नव्हती, आणि खारवलेल्या कोळंबीचा वास होता. तिने व्हिनेगरने आतून पुसलं. वास गेला नाही. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तेवढ्याने ती खाली बसली.

मानोंग दादोने तिला तशी बसलेली पाहिली. या खेपेला तो हसला नाही.

"आईची केबिन आहे ही. बदली माग की."

"मागितली. पाक म्हणाले, जागा नाही."

"मी तुला कधी विचारलं नाही, दाय." त्याने गाडीवरचा टॉवेल उगाच सारखा केला. "त्या आठवड्यात या केबिनीची सफाई रोज तूच करायचीस ना?"

"हो. मग?"

"काही नाही." त्याने गाडी ढकलली. "पडदे वगैरे सगळं तूच, म्हणून विचारलं."

पुढच्या फेरीत ७११४ रिकामी गेली. कुणी उतरलं नव्हतं. दाराला टाळं होतं, किल्ली आर्लिनकडे. सोमवारी भर दुपारी ती आत गेली. बाटल्या कट्ट्यावरच होत्या, पाठमोऱ्या. ऊन थेट त्यांच्यातून येऊन गालिच्यावर हिरवं पडलं होतं. रिकाम्या फ्रिजची मोटर घरघरत होती.

ती पलंगाच्या कडेवर बसली, आई बसायची त्या जागी.

"मी विसरले, नानाय," ती म्हणाली. "कामाच्या गडबडीत विसरले. मला माफ कर."

मोटर थांबली.

मंगळवारी फ्रिज भरलेला होता. बुधवारीही. पाणी, सोडा, बिअर, लेबलं समोर, गार. वास नव्हता. त्या आठवड्यात आर्लिनला गाढ झोप लागली. जेवणातही चव आली. दादोच्या विनोदांना ती हसली. सगळ्यांनी माफ केलं होतं, आता आईनेही केलं.

त्या रविवारी पिनांगच्या खू आजी आल्या. सत्तरीच्या, बारीक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांना फक्त होक्कियन ही चिनी बोली येत होती. बाकीचं बोलणं मुलगी करत होती, स्वी लिन, आर्लिनच्याच वयाची. ७११४.

"फ्रिज रिकामा करून द्याल का?" स्वी लिनने विचारलं. "आईचं इन्सुलिन ठेवायचंय. नाहीतर ती म्हणेल, टेबलावर चालतं. हट्टी आहे."

आर्लिनने फ्रिज रिकामा केला. आतून तीन वेळा पुसला. हिरवी टिकली काढून पांढरी लावली. इन्सुलिनची पेनं वरच्या फळीवर स्वतःच्या हाताने ठेवली आणि शेजारी एक छोटा तापमापक ठेवला. खिडकीचा पडदा तिने पूर्ण उघडला आणि दोरीने बांधून टाकला. कट्टा रिकामा. रोज दोनदा ती येऊन बघायची. चार अंश. पेनं जागेवर. आजी तिच्याकडे बघून हसायच्या.

"तुमच्याइतकी काळजी तर मीसुद्धा घेत नाही," स्वी लिन म्हणाली. "तुमची आई नशीबवान आहे."

बुधवारी आजींनी जेवण टाकलं.

गुरुवारी दुपारी आर्लिन आली तेव्हा खोलीत आंबट वास होता. आजी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, श्वास खोल, भरभर. टेबलावर बशी होती. बशीत हिरवं सफरचंद, एक घास खाल्लेलं.

"समुद्र लागलाय तिला," स्वी लिन म्हणाली. "तुमच्याच लोकांनी सांगितलं, हे द्या म्हणून."

आर्लिनने बाहेर पाहिलं. समुद्र तेलासारखा सपाट होता.

"इन्सुलिन घेतलं का त्यांनी?"

"रोज घेते. माझ्यासमोर."

आर्लिनने फ्रिज उघडला. थंड हवा घोट्यांवर आली. तापमापकावर चार अंश. पेनं वरच्या फळीवर, जिथे ठेवली होती तिथेच. फक्त फिरवलेली.

तिने एक पेन उचललं आणि तिच्या हातून ते पडलं.

चटका बसला होता.

तिने दुसरं धरलं. तेही तसंच, दिवसभर काचेमागच्या उन्हात राहिल्यासारखं. फळी गार होती. भिंत गार होती. तिने पेन उजेडात धरलं. आत पांढरे कण तरंगत होते.

"डॉक्टरांना घेऊन या," ती म्हणाली. "फोन नको. जा, धावत जा. सांगा, समुद्र लागलेला नाही."

"पण झालंय काय?"

"जा!"

स्वी लिन गेली. दार आपोआप लागलं.

खू आजींनी हात मांडीवर ठेवले होते. एकावर एक, मागे घेतल्यासारखे. त्यांची नजर फ्रिजवर होती. आर्लिन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आलेच डॉक्टर. येतीलच आता," ती म्हणाली. आजींना यातलं काही कळणार नव्हतं.

आजींनी हात लांबवला. टेबलावरची सफरचंदाची बशी अलगद अर्धी फिरवली.

मग त्या बोलल्या. होक्कियनमध्ये नाही. मियागाओच्या बाजारातल्या बोलीत, मऊ आवाजात, परवानगी मागावी तसं.

"इन्दाय, आता लावू का हात फ्रिजला?"

आर्लिनच्या पाठीमागे खिडकीची दोरी सुटली. पडदा कड्यांवरून सरकत सरकत पूर्ण ओढला गेला. खोलीत सावली झाली.

ती मागे वळली नाही.

"मी विसरले नव्हते, नानाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी संध्याकाळी मला आठवलं होतं. वाटलं, तू फ्रिज मागशील. एकदा तरी माझ्याकडे येऊन मागशील, म्हणून मी थांबले. बुधवारी डबा दिसला. गुरुवारी दिसला. तू ओकत होतीस, तेव्हाही दिसला. तिन्ही दिवस पडदा मीच ओढला."